चार वाजताचं पाणी

नाही काका, फोनवर मी ऐकून घेतलं, पण सभेत ऐकणार नाही. तुमचे डोळे गेलेले नाहीत. तर भांडण पुढे चालवण्याआधी ज्याचा मान त्याला देतो. सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरचे पाहुणे, तलावाचे कर्मचारी, आणि काकांच्या हाताखाली पोहायला शिकून मोठे झालेले तुम्ही सगळे! मी परमुलखात उंच इमारतींच्या काचा पुसतो. सुट्टी मिळाली नाही, म्हणून भाषण लिहून पाठवलंय, ताई वाचतेय. ती मध्येच हसली तर तो दोष माझा नव्हे.

जीवरक्षक म्हणून काका आज निवृत्त होतायत, तेही मुदतीआधी, स्वतःहून. का, ते ठाऊक असूनही इथं कुणी बोलणार नाही. उन्हाळ्यात दुपारी चारला एक मुलगी तळाशी गेली. काका समोर खुर्चीत होते, पण त्यांना दिसली नाही. आईनं हाक मारली तेव्हा त्यांनी उडी घेतली. मुलगी वाचली. काका मात्र तेव्हापासून पाण्यात उतरले नाहीत. डॉक्टरांनी डोळे ठणठणीत सांगितले, तर काका म्हणाले, डॉक्टर ओळखीचा आहे, भिडेखातर बोलतोय.

पण त्याआधी काका खुर्चीत बसायचे का? चारच्या सुमाराला ते तलावाभोवती फिरायचे. समितीला वाटलं, हे गप्पा हाणत हिंडतात, म्हणून जागेवर बसण्याचा हुकूम निघाला. हेतू वाईट नव्हता, साहेब.

परवा कामावरच्या दाढीवाल्यानं मला त्याचा उन्हाचा चष्मा घालायला दिला. आम्ही काम आटपून खाली उतरलो होतो, तिथं इमारतीच्या अंगणात उथळ हौद आहे. ऊन तिरकं आलेलं, पाणी पत्र्यासारखं तळपत होतं. चष्मा घातला आणि पत्रा गेला! तळाच्या फरश्या दिसल्या, कुणाचा तरी कंगवा दिसला, त्याचे मोडके दातसुद्धा. मान खांद्याकडे कलती केली, पत्रा परत हजर. सरळ केली, गायब. अंगावर काटा आला हो. हौदावर वाकून सरळ खाली पाहिलं तर चष्म्याचा काही उपयोग नाही. एका ठरावीक तिरकेपणाला मात्र झळाळी फडक्यानं पुसावी तशी जाते.

चष्मेवाल्याला गाठलं. तो म्हणाला, उन्हाचा उजेड सगळ्या अंगांनी थरथरत येतो. पाण्यावर तिरका पडून परतला की बहुतेक आडवाच थरथरतो. ही काच आडवा अडवते, उभा सोडते. तळाकडचा उजेड जरा मंदावतो, पण डोळ्यांपर्यंत पोचतो.

केवढं हे, सांगा! सूर्यापासून निघालेला उजेड, एवढ्या लांबून येतो, पाण्याला नुसता शिवतो आणि त्याला वळण लागतं. मास्तरांना माझ्या बाबतीत ते कधी जमलं नाही.

काका, तुम्ही फिरत होतात ते ही झळाळी चुकवत. नकळत असेल, पण बरोबर. खुर्चीत बसवलं आणि मुलगी त्या पत्र्याखाली राहिली. तिथून घारीलाही दिसली नसती.

अध्यक्ष महाराज, नव्या रक्षकाला फिरू द्या, एवढीच विनंती. काकांचा मान राखलात, आभारी आहे. लहान तोंडी काही जास्त गेलं असेल तर पोटात घाला.

आणि काका, त्या मुलीच्या आईनं ताईला विचारलंय, हिला पोहायला तुम्हीच शिकवाल का. ताई परस्पर हो म्हणालीय. तेव्हा पैसे पाठवतोय. तसल्या चष्म्याचे अठराशे. तलावाचा वर्षाचा पास बाराशेला, एक तुमचा, एक तिचा. एकूण बेचाळीसशे.