भैय्याजीची पुंगळी अन् माही सही

अरे अरे, तिकडून नका येऊ जी! ह्या अंगानं या, बांधाच्या मांगून... हां, बसा. वाकून बसा! प्लांटच्या कॉलनीतल्या सेक्टरातून एवढ्या दूर उतई गावाले हिरवा चना भाजून खाले आले नं? खासाल, पण जितेपणी खा! तुमाले सांगतो, पाच दिवसांपासून मी इथं लाल झेंडी लावून बसून हावो. कावून? ते पाहा, तिकडं बाजेवर. बंदूक! लायसन्सची हाय, भैय्याजीची, म्हणजे माह्या बायकोच्या, विजयाच्या मोठ्या भावाची, डुकरं हाकलाले. बंदुकीचं मले भेव नाही. भेव हाय आतल्या पुंगळीचं, म्हणजे काडतुसाचं! खोक्यावर लिहून हाय नं जी, 'एकदाच वापरा, पुन्हा भरू नका'!

पण भैय्याजीनं तीस वर्षं प्लांटच्या मशीन शॉपात काढले. तिथं काही फेकत नाहीत, घासतात, वेल्डिंग मारतात, पुन्हा लावतात. मंग उडालेल्या पुंगळ्या कावून फेकाच्या? बसले भरत! मी म्हटलं, "भैय्याजी, हे पाहा, केसाएवढी चीर हाय." तं म्हणते, "जवाईबापू, चीर नाही, डिझाइन हाय ते." म्हटलं, अहो, खोक्यावर लिहून हाय! "कंपनीवाले लिहितेच असं, माल खपाले." अन् विजया? "दादाचं मन नका मोडू." मन! इथं नळी फुटली तं दादाचं तोंड जाईल, अन् हिले मनाची पडली!

आता माही चूक ऐका. मी सेफ्टी डिपार्टमेंटचा. परमिटावर सही झाल्याशिवाय आमच्याकडं बोल्ट बी हालत नव्हता, अन् ज्याची सही त्यानं काम होयेपर्यंत जागेवर उभं राहाचं. बत्तीस वर्षं हेच! कोणी कागद पुढं केला का माह्या तोंडातून आपोआप निघते, 'हेल्मेट?' 'हाय.' 'जूते?' 'हाय' म्हटलं का झाली सही! रविवारी जेवण झालं, सुपारी झाली, भैय्याजीनं कागद पुढं केला. हेल्मेट? हाय. जूते? हाय. केली नं बाप्पा सही! मंग वाचलं... 'काम : भरलेल्या पुंगळीची चाचणी.'

उभा राह्यलो मंग, पाच हातांवर. देवाचं नाव घ्यावं तं एक बी देव आठवेना. भैय्याजीनं घोडा दाबला... टक्. बस, टक्! अन् हा माणूस काय करते? बंदुकीसकट वळते माह्याकडं! "जवाईबापू, उडाली कावून नाही?" नळी माह्या नाकासमोर! खरं सांगतो जी, मले नातीचं तोंड दिसलं, प्रांजलीचं. कसंबसं हातानं दाखवलं, तिकडं वळवा... बाजेवर ठेवा... हळू...

तवापासून ते तशीच हाय. उडत बी नाही, अन् उघडाची हिंमत बी कोणाची नाही. पोलिसाले बोलवा म्हटलं, तं भैय्याजी म्हणते लायसन्स जाईल. अन् डुकरं? रोज येतात, बाजेखालून जातात, चना खातात! मी त्याइले बी सांगतो, बाप्पा, तिकडून नका जाऊ! पण त्याइले काय वाचता येते, खोक्यावर लिहून हाय म्हणून?

आज सकाळी भैय्याजी आले, हातात नवा कागद. म्हटलं, मरून जाईन, पण सही नाही करत. अन् निघालंच नं तोंडातून, 'हेल्मेट?' "हाय." 'जूते?' "नवीन आणले, तुमच्याच मापाचे." माह्या मापाचे? पण तवापर्यंत हात चालून गेला होता! मंग वाचलं... 'काम : अडकलेली पुंगळी काढणे. काम करणार : पंजाबराव.' म्हणजे मीच! म्हटलं, भैय्याजी, मी रिटायर माणूस! तं मोठ्या प्रेमानं पाठीवर हात ठेवते अन् म्हणते, "असा मजबूत माणूस फेकाचा थोडी असते, जवाईबापू! अजून एक डाव आरामात चालता तुमी."

हेल्मेटचा पट्टा तेवढा बांधून द्या जी... पुंगळीच्या खोक्यावर लिहून तं होतं. माह्यावर कोणी लिहिलंच नाही!