आमेन, चला बाप्पा!

इथल्या पास्टरची प्रार्थना तुम्हाले लांब वाटते? माह्या बाबाची ऐकाले पाहिजे होती!

चर्चकडून आम्ही घरचे तिघं केनियाच्या एका अनाथाश्रमात सेवा कराले गेलो होतो. सयपाक आईकडं, प्रार्थना बाबाकडं. बाबा डोळे मिटून साऱ्या जगासाठी मागत, इकडं भात थंडा होऊन राहिला. आईले तर ज्याले त्याले 'बाप्पा' म्हणाची सवय, गाईलेही म्हणते, "सरक न बाप्पा." ती झारा घेऊन दारातूनच ओरडे, "आमेन! चला बाप्पा!" की लेकरं ताटावर.

निघाच्या दिवशी तिथले मोठे पास्टर आले. त्यायची प्रार्थना बाबाहूनही लांब. ते श्वास घ्याले थांबले अन् सारी लेकरं एका सुरात ओरडली, "आमेन! चला बाप्पा!"

बाबाचे कान लाल. पास्टरनं डोळे उघडले. "हे काय, हिब्रू आहे?"

बाबा खोटं बोलत नाहीत. "नाही जी, आमच्या गावचं, पांढुर्ण्याचं आहे. देवानं ऐकलं, आता जेवा, एवढाच अर्थ."

पास्टर पोट धरून हासले, मंग दोन्ही हात वर करून म्हणाले, "चला बाप्पा!"

आईनं तवापर्यंत वाढूनही टाकलं होतं.