टाकीची भुकटी

मंडळी, आधी एक सांगा! अंगभर धूळ घेऊन आलेल्या माणसानं देवाच्या पायाशी जावं, की दारातनंच हात जोडावेत? — बरं, ऐका.

सोलापूरकडं यल्लव्वा नावाची पाथरवटीण. दारोदार फिरून जात्याला टाकी लावायची — छिन्नीनं ठोकून दगड पुन्हा खडबडीत करायची. भुकटी केसांत, भुकटी पापण्यांत! देवळात गेली की कुणीतरी म्हणायचंच, "ए बाई, लांबनं!" जन्मभर लांबनं! आता अंथरुणाला खिळली, तेव्हा लेकाला म्हणाली, "हनमंता, हिमालयात देवाचं निळं तळं हाय म्हनं. तेवढं पानी मला आन. मंग मी सुटले."

निघाला हनमंता! पंधरा हजार फूट, मंडळी! आपल्याला देवळाच्या दहा पायऱ्यांत धाप लागते! चार पावलं टाकायची, थांबायचं. शेवटची खिंड ओलांडली आणि — अहाहा! तीन बाजूंनी काळे कडे. चौथीकडून हिमनदी उतरलेली, गावाएवढी रुंद, आतल्या आत कडाडणारी! तिच्या पायाशी ते तळं. निळं? मोरपिसाच्या डोळ्यासारखं निळं! झाड नाही, पाखरू नाही. हनमंता रडला हो!

मग तांब्या बुडवला. बघतो तर — पांढुरकं, गढूळ! ओतलं. पुन्हा भरलं. तेच! "आमच्या हाताचा देवालाबी विटाळ व्हय?" म्हणाला.

जवळच एक म्हातारा मेंढपाळ होता. तो हिंदीत बोलला. माझं हिंदी तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून मराठीत सांगतो! "बाबा, वर बर्फ सरकतो, खाली खडक. बर्फ डोंगराला दळतो! ते बारीक पीठ पाण्यात तरंगतं, त्यावर ऊन पडतं, म्हणून हे निळं. पीठ नसतं तर हा रंग कुठला?"

हनमंतानं काठचा गाळ चिमटीत चोळला. पाथरवटाची बोटं ती — ओळखायला कितीसा वेळ! तसाच गढूळ तांब्या घेऊन त्यानं घर गाठलं.

यल्लव्वानं पाण्यात बोट बुडवलं. चोळलं. "हनमंता... ही तर टाकीची भुकटी!"

"व्हय आये. देवाचं तळं हिच्यानंच निळं हाय."

म्हातारी घोटभर प्याली. मग हसली. "आन् मला लांबनं म्हनत व्हती व्हय, येडी मानसं!"

मंडळी, मागं त्या खांबापाशी आपला हा मांडव घालणारी माणसं उभी आहेत. दोन दिवस खड्डे खणलेत त्यांनी, अंगावर माती आहे. इथं पुढं गालिच्यावर जागा कोण देतंय? — तोवर मी पुढं बोलायचा नाही. उठा!