रेडिओने सांगितले होते

पोलीस ठाणे रिसोड, तालुका वाशीम, जिल्हा अकोला. ता. २४ ऑगस्ट १९५७.

जबाब देणाराचे नाव शिखरचंद वल्द फुलचंद, जात जैन, वय ४३ वर्षे, धंदा किराणा दुकान, राहणार मौजे पिंपरघाट.

मी समक्ष हजर होऊन सांगतो की, मला कोणी बोलावलेले नाही. समन्स नाही, शिपाई आला नाही, आपल्या पायाने आलो आहे. आमच्या गावचा नावाडी रामराव भोई याला पैनगंगेत नाव उलटल्याच्या गुन्ह्यात या ठाण्यात धरून ठेवले आहे. पूर येत असताना त्याने बेफिकिरीने नाव पाण्यात घातली आणि त्यात बंजाऱ्यांच्या तांड्यावरची भुरीबाई बुडून मेली, असा त्याच्यावर आळ आहे. त्या बाबतीत मला जे माहीत आहे ते असे.

माझे दुकान नदीच्या वाटेवर आहे. मागल्या दिवाळीनंतर मी अकोल्याहून बॅटरीवर चालणारा रेडिओ आणला. गावात दुसरा नाही. दुकानाच्या छपरापासून समोरच्या लिंबापर्यंत त्याची तार ताणलेली आहे. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण उरकते, म्हणून संध्याकाळी मी मोकळा असतो आणि रेडिओ लावतो. नागपूर आमच्याकडे खरखरते. मुंबई मात्र संध्याकाळी घंटेसारखी लागते. लोक पायरीवर बसून ऐकत. बातम्यांत त्यांना गोडी नव्हती, पण शेवटी हवामान सांगतात त्या वेळी विड्या हातातच राहत. दुसऱ्या दिवशी शेतात जायच्या आधी माणसे मला विचारू लागली, "सेठ, आज काय म्हंते?" आजवर मला कोणी गूळ नाहीतर मीठ यापलीकडे काही विचारले नव्हते. मला ते आवडू लागले. खोटे कशाला सांगू, मी फुगलो.

जबाब लिहून घेणारे जमादारसाहेब म्हणतात की मुद्द्याचे बोला. मुद्द्याचेच बोलतो आहे.

यंदा आषाढात एका संध्याकाळी मुंबईने सांगितले की, अरबी समुद्रावर वादळ आहे, वारा जोराचा सुटेल, किनाऱ्यावरच्या नाविकांनी आणि मच्छीमारांनी नावा पाण्यात घालू नयेत. समुद्र हा शब्द मी ऐकला होता, नाही असे नाही. पण समुद्र मी जन्मात पाहिलेला नाही. नाव म्हणजे नाव आणि पाणी म्हणजे पाणी, आणि पाऊस तर आमच्याकडे तिकडूनच येतो, असा माझा हिशेब. सकाळी छत्री घेऊन मी घाटावर गेलो आणि रामरावला नाव वर ओढायला लावली. तो दिवस पलीकडच्या बाजाराचा होता.

रामराव म्हणाला, "सेठ, नदीत पानी तं कंबरभर हाय. आभायात ढगबी नाई."

मी म्हणालो, "रेडिओ सरकारचा हाय, रामराव. सरकार खोटं बोलते काय?"

"तुमी म्हंता तं ओढतो बाप्पा," म्हणून त्याने नाव ओढली.

ऊन कडक पडले. माणसे टोपल्या डोक्यावर घेऊन काठावर उभी. वारा इतका की झाडाचे पान हलेना. मदनसिंग हा तांड्यावरचा जवान माणूस. तो धोतर खोचून पाण्यात उतरला, मधोमध जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "सेठ, लाट कोन्या बाजूनं येऊन राह्यली? सांगा, म्हंजे मी तिकडं पाठ करतो." सगळा घाट हसला. शाळेचे मास्तर बाजाराला निघालेले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावले की, ती सूचना कोकणच्या किनाऱ्याची, समुद्रात जाणाऱ्या नावांची. पैनगंगेशी तिचा संबंध नाही. त्यांनी हळूच सांगितले, पण ऐकायचे ते सगळ्यांनी ऐकले. रामरावने नाव पुन्हा पाण्यात ढकलली.

त्या दिवसापासून माझे नाव दर्यासेठ पडले. गिऱ्हाईक मीठ मागायला आले तरी विचारायचे, समुद्राचे आहे काय. तेल्याच्या घाण्यावर, पारावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गेलो तरी कोणीतरी समुद्र काढायचे. घरात माझी मंडळी कंचनबाई तोंडाला पदर लावून हसली. आता कोणाला वाटेल की एवढ्या तेवढ्याचे काय घेऊन बसलात. ज्याचे हसे होते त्यालाच कळते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर ताक पिणेच सोडले. रेडिओ लावायचो, पण हवामान आले की बटण फिरवायचो, आणि कानी पडले तरी कोणाला सांगायचो नाही.

एक रामराव मात्र हसला नाही. तो रोज संध्याकाळी नाव बांधून दुकानाशी येई आणि पहिल्यासारखेच विचारी, "सेठ, काय म्हंते रेडिओ?" एकदा मी चिडून म्हणालो, "तूबी हसतो काय मले?" तो म्हणाला, "नाई सेठ. हसनारे काठावर असतात. मी पान्यात असतो."

आता त्या दिवसाचे सांगतो. श्रावणात तांड्यावर तीज बसते. पोरी टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. मदनसिंगची आई भुरीबाई हिची नात जमना ही पलीकडच्या तांड्यावर मामाकडे होती. तिला तीजेसाठी आणायला भुरीबाई जाणार होती. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाण्याची झिमझिम होती, म्हणून पायरीवर कोणी नव्हते. मुंबई लागेना. मी काटा फिरवला तर नागपूर लागले आणि एरवी खरखरणारे नागपूर त्या दिवशी स्वच्छ लागले. त्यांनी सांगितले की, बुलडाणा, अकोला आणि परभणी या जिल्ह्यांत फार जोराचा पाऊस होईल, नद्यांना एकाएकी पूर येतील, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावे. यात समुद्र कुठेच नव्हता. आमच्या जिल्ह्याचे नाव घेतले होते. मी माझ्या कानांनी ऐकले.

कंचनबाई धान्य पाखडत बसली होती. तिनेही ऐकले. ती म्हणाली, "अवो, सांगा ना जाऊन घाटावर."

मी म्हणालो, "पुन्यांदा हसू करून घेऊ काय?"

ती म्हणाली, "हसले तं हसले. हसून कोनी मरते काय?"

मी रेडिओ बंद केला. तेवढ्यात रामराव आला, डोक्यावर पोत्याची खोळ. त्याच्यामागे मदनसिंग आणि तांड्यावरची आणखी दोन माणसे होती; तीजेसाठी गूळ घ्यायला आली होती. रामरावने नेहमीचे विचारले. मी तोंड उघडणार इतक्यात मदनसिंग म्हणाला, "अरे दर्यासेठले इचार, जहाज कवा येऊन राह्यलं." ती दोन माणसे हसली. मी रामरावला म्हणालो, "काही नाही म्हंत." गूळ तोलून दिला. ते गेले.

सकाळी आमच्याकडे ऊन पडले होते. नदी कालच्याएवढीच होती. पाऊस वर मेहकराकडे पडला होता, तो आम्हाला कसा दिसणार. मी दुकानात होतो. रामरावने नाव काढल्यावर थोड्या वेळाने आरडाओरडा ऐकू आला. मी धावत घाटावर गेलो तो पाणी तांबडे झाले होते आणि आख्खे बाभळीचे झाड वाहत येत होते. नाव मधोमध होती. झाडाचा तिला धक्का लागला आणि ती कलती होऊन उलटली. रामराव पाण्यात उतरून एकेकाला काठावरून टाकलेल्या दोराकडे ढकलत होता. चार माणसे त्याने काढली. भुरीबाईच्या अंगावर लुगडे नव्हे, त्यांच्या चालीचा जड घागरा आणि चांदी होती. तिचा हात त्याच्या हातात आला होता असे तो म्हणतो. पलीकडच्या काठावर जमना उभी होती, आजीला पाहून ती अर्ध्या उतारापर्यंत आली होती. भुरीबाई दुसऱ्या दिवशी खाली एका बांधाला अडकलेली सापडली.

मदनसिंगने रामरावची मानगूट धरली आणि विचारले, "तुले पानी दिसत नव्हतं? माय होती माही." रामराव चिखलात बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले, पाहिले असे मला वाटते, आणि म्हणाला, "माहं चुकलं, मदनसिंग." मी चार हातांवर छत्री घेऊन उभा होतो.

त्याच दुपारी पंचनामा झाला. गावातला इभ्रतदार माणूस म्हणून मला पंच केले. पुराची आगाऊ सूचना कोणाला नव्हती, नावाड्याने पाण्याचा रंग पाहायला हवा होता, असे त्यात लिहिले आणि त्याखाली मी सही केली. मी पाणी गाळून पिणारा माणूस. मुंगी मरू नये म्हणून दिवा झाकणारा. ती सही मात्र मी एका दमात केली.

येथपर्यंत लिहून झाल्यावर मी जमादारसाहेबांना थांबवले. वर मी सांगितले की, रामरावला मी 'काही नाही म्हंत' एवढेच बोललो. ते पुरते खरे नाही. ती माणसे हसली तेव्हा मला राग आला आणि मी म्हणालो, "काही नाही म्हंत. खुशाल घाल नाव. कोरडं राह्यते उद्या." हे शब्द रेडिओने म्हटले नव्हते, ते माझे आहेत. आधीचे वाक्य खोडू नये. मी आधी काय सांगितले आणि नंतर काय, दोन्ही राहू द्यावे. मेल्याहून मेल्यासारखे झाले आहे, आणखी काय व्हायचे.

विचारल्यावरून सांगतो की, इतके दिवस मी गप्प का राहिलो याला माझ्याकडे कारण नाही. भीती होती म्हणावे तर तुरुंगाची नव्हती. मला वाटले, लोक म्हणतील, दर्यासेठने समुद्राची खबर दिली आणि नदीची दाबून ठेवली. माणूस मेला आणि मला माझ्या टोपणनावाची पडली होती. आमच्यात पर्युषणात लहानथोरांची क्षमा मागतात. ते आता आलेच आहे. तोवर थांबावे, सगळ्यांबरोबर रामरावची आणि मदनसिंगचीही मागून घ्यावी, असे एक दिवस मनात आले होते. तेही लिहा.

काल सकाळी रामरावची बायको धनीबाई मीठ घ्यायला दुकानात आली. ती ठाण्यात त्याला भाकर देऊन आली होती. मी खाली मान घालून मीठ बांधत होतो. मी विचारले, "काय म्हंते रामराव?" ती म्हणाली, "काय म्हननार. मी म्हटलं त्याईले, तुमी रोज सेठले इचारता, त्या दिवशीबी इचारलं असन, मंग सायबाले सांगत काहून नाई? तं म्हंते, सेठचं नाव काढू नोको. त्याले पहिलेच लोक लय हसतात."

मी दुकान उघडेच टाकून घरात गेलो आणि कंचनबाईला सगळे सांगितले. ती हसली नाही. आज पहाटे बैलगाडी जुंपून निघालो.

रामरावने त्या संध्याकाळी विचारायचे ते विचारले होते. ज्याला माहीत होते त्याने त्याला खोटे सांगितले. नावेचा दोष त्याच्यावर ठेवायचा नाही, माझ्यावर ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे. काय कलम लागते ते साहेबांनी पाहावे. मदनसिंगला मी अजून सांगितलेले नाही. येथून सोडले तर त्याच्या तांड्यावर जाईन, न सोडल्यास त्याला बोलावून घ्यावे, म्हणजे त्याच्या तोंडावर सांगेन.

हा जबाब मला वाचून दाखवण्यापूर्वी मी जमादारसाहेबांना हात जोडले की, मधले दार उघडे ठेवा आणि मोठ्याने वाचा. कोठडी पलीकडे भिंतीलाच लागून आहे. त्यांनी तसा तो वाचला. वाचून झाल्यावर रामराव आतून म्हणाला, "कायले आले तुमी, सेठ. आता तं लोक तुमाले हसनारबी नाईत." हे लिहायची गरज नाही असे जमादारसाहेब म्हणाले. मी लिहा म्हणालो. बाकी मजकूर मी बोललो तसाच उतरला आहे, त्यात कमीजास्त नाही, आणि खरा आहे.

सही
शिखरचंद फुलचंद