भिंत अजून ओली आहे

हॅलो?… हॅलो! कोण?… ताई होय! थांब, थांब, काही ऐकू येत नाहीये. अहो पेंटर, तो पंखा बंद करा जरा… पंखा! घासायचं मशीन नव्हे हो, ते बंदच आहे. पंखा!… हां. बोल आता.

…नाही गं, विमान कुठलं? ओल ओढायचा पंखा आहे, भिंतीसमोर लावतात. माणसासमोर लावला तर माणूस उडेल.

…हो, हो, मी करणारच होतो फोन. …अगं खरंच करणार होतो. काल नाही जमलं. परवाही नाही जमलं, मान्य. …ताई, ऐक ना. आधी ऐकून घे, मग ओरड.

…आई बरी आहे. …जेवली. …हो, सगळं जेवली. …झोपही लागते. तू आधी श्वास घे बघू.

…खोली? चाललंय की काम. …चाललंय म्हणजे काय, चाललंय! …पाईप? अगं पाईप त्याच दिवशी बदलला. पाईपचं काही नसतं, तासाभराचं काम. पण सांधा सुटला तो वरच्या मजल्याच्या न्हाणीघरात, आणि आम्हाला कळेपर्यंत छताच्या पोटात तळं झालेलं. त्या पांढऱ्या पाट्या असतात ना छताला? एकेक करून खाली. धप्प. धप्प. …नाही गं, आईच्या अंगावर कशाला पडतील! तिला आधीच चाकाच्या खुर्चीत घालून बाहेर काढली होती. मी स्वतः ढकलत नेली. सांगितलं होतं की तुला.

…पुसून घ्यायचं आणि रंग मारायचा? वा! तू आमची इंजिनीअर हो बाई. अगं, तुझ्या स्वयंपाकघरात चालेल ते. हे इस्पितळ आहे. निम्म्या लोकांना धड खोकताही येत नाही इथं. भिंतीत ओल ठेवून वरून रंग फासला तर आत बुरशी धरते, आणि ती बसते या लोकांच्या छातीत. म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. म्हणून सगळा गिलावा गुडघ्यापर्यंत खरवडून काढला. जमिनीवरचं ते रबरी कापड उचललं, त्याच्या खाली काय वास, विचारू नकोस. कपाटाची पाठ फुगून पावासारखी झाली होती. दाराला प्लास्टिकचा पडदा लावून आत काम, धूळ बाहेर जाता कामा नये. संसर्गावर लक्ष ठेवणाऱ्या सिस्टर रोज येऊन नाक मुरडून जातात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय…

…हो, पण माझ्या हातात आहे म्हणजे सगळं माझ्या हातात आहे का? मी इथल्या इमारतीच्या देखभालीचा माणूस. मी काय भिंतीला दम देऊ, वाळ लवकर म्हणून?

…हो. …हो, ओलीच आहे अजून. …आत्ता हात लावून बघू? बरं, लावला. …लागते ना हाताला. गारगार लागते.

…कोण बोललं? …कुणी नाही बोललं. …अहो पेंटर, तुम्हाला कुणी विचारलं का? विचारलं का कुणी? या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही!… नाही ताई, तो दुसऱ्या भिंतीबद्दल म्हणत होता. …ती… ती बाहेरची. …‘साहेब, ही कधीची खडखडीत वाळलीय, रंगाला कधी घेऊ’ असं म्हणाला? सगळं ऐकलंस? कान फार तिखट तुझे. लहानपणी डब्याचं झाकण उघडलं तरी तुला अंगणात कळायचं.

…काय म्हणालीस? …‘कुठंतरी पाणी मुरतंय’? अगं मुरत होतं, तेच तर काढलं आम्ही… बरं. बरं, बरं. नाही करत विनोद. …ताई, शपथ नको घालूस. …अहो, तुम्ही चहा घेऊन या पेंटर. …प्यायलात? मग परत प्या. जा.

हं. गेला. …वाळलीय. …हो, वाळलीय भिंत. मागच्या आठवड्यातच वाळली. ओल मोजायचं यंत्र असतं आमच्याकडे, ते लावून बघितलं. सगळ्या मजल्यात आईची खोली पहिली वाळली. गिलावाही झालाय, फक्त रंगाचा एक हात राहिलाय. …तुला खोटं सांगितलं. सिस्टरांनाही सांगितलं, वाळू दे अजून, घाई नको. …का म्हणजे…

…नाही! कुणी तिची खोली मागितली नाहीये. …दुसऱ्या कुणाला देत नाहीये मी, आईच्या खोलीत कुणाला घुसवेन होय? काय समजतेस तू मला? …मग ऐक की. तू ऐकूनच घेत नाहीस, तोंडातून शब्द निघाला की तू त्याच्या पुढं जाऊन बसतेस.

आई आत्ता कुठंय, माहितीय तुला? …खाली, बरोबर. खाली म्हणजे कुठं? …नाही, दुसऱ्या खोलीत नाही. मी ‘खाली हलवलंय’ म्हणालो होतो, खोली तू मनानं लावलीस. …जेवणाच्या हॉलमध्ये. …हॉल. जेवणाचा. टेबलं एका बाजूला लावून खाटा टाकल्यात. वरचा बायकांचा अख्खा वॉर्ड भिजला ना, मग त्या सगळ्या आणि आई. …सगळ्या म्हणजे आठ-नऊ जणी असतील. …ताई. …ताई, धर्मशाळा नाहीये ती. पडदे आहेत मध्ये. …अगं आहेत म्हणतो ना. दिवसा बाजूला सारतात, त्यांनाच नको असतात.

…हो, तू शब्द दिला होतास तिला. माहितीय मला. ‘आई, तुला स्वतंत्र खोली, खिडकीजवळ खाट, कुणाची कटकट नाही.’ मी होतो तिथं. तिनं मान हलवली होती. पण ताई, अर्धांगाच्या झटक्यानंतर ती सगळ्यालाच मान हलवायची. तू तिला चंद्रावर ठेवते म्हणाली असतीस तरी हलवली असती.

…चिडू नकोस. जे सांगायचंय ते राहिलंय अजून.

ती बोलतेय.

…आई. …आई बोलतेय, ताई. तोंडानं. …नाही, ‘हं’ आणि ‘ऊं’ नाही. शब्द. …अगं मी कशाला थट्टा करू याची?

…सांगतो. तिच्या शेजारच्या खाटेवर एक आजी आहेत. सगळे त्यांना रेडिओ म्हणतात. सकाळी लागला की दिवे मालवले तरी बंद होत नाही. त्यांची एक गोष्ट आहे, जावयाची. जावई नव्या स्कूटरवरून सासूला भेटायला निघतो आणि वाटेत खड्ड्यात पडतो. ही गोष्ट त्या रोज सांगतात. सकाळी एकदा, जेवताना एकदा. आणि दर वेळी जावयाची वाट लागते वेगवेगळी. एकदा चिखलात काय, एकदा कुत्रं काय आडवं येतं. एक दिवस त्यांनी काय केलं, जावयाला थेट विहिरीत पाडला. स्कूटरसकट. तर ही आपली आई, छताकडे बघत पडलेली, मान वळवून म्हणते, ‘खड्ड्यात!’

…हो! ‘खड्ड्यात!’ असं खणखणीत. तिथल्या सिस्टरांना वाटलं शिवी दिली. म्हणजे खड्ड्यात जा म्हणाली म्हणून. त्या धावत माझ्याकडे आल्या, ‘तुमच्या आई भांडतायत’ म्हणून तक्रार घेऊन. मी हातातला पाना टाकून पळालो. जाऊन बघतो तर रेडिओ आजी म्हणतायत, ‘विहिरीत’, आणि आई, ‘खड्ड्यात’. ‘विहिरीत.’ ‘खड्ड्यात!’ आणि बाकीच्या बायका आईच्या बाजूनं. मी दारातच उभा राहिलो. रडलो ताई, सगळ्यांसमोर.

…हसतेयस का रडतेयस? …दोन्ही कर, चालेल.

…तेव्हाच का नाही सांगितलं? कारण एक शब्द होता. मला वाटलं, निघाला असेल चुकून. उगाच तुला आशा लावायची आणि मग परत तू… पण मग दुसरा आला. मग तिसरा. परवा तर मला म्हणाली, ‘दाढी.’ म्हणजे कर. त्या बोलायला शिकवणाऱ्या बाई नव्हत्या का, चित्रं दाखवायच्या? कप दाखवायचा, म्हणायचं ‘हे काय?’ आई नुसती बघायची त्यांच्याकडे. बरोबर आहे ना! कप आहे हे त्या बाईंना माहीत, आईला माहीत, मग सांगायचं कुणाला? इथं चूक दुरुस्त करायची होती. आपल्या आईला चुकीचं ऐकवतं का कधी?

…हो. …तेच तर म्हणतोय. वाळलेली खोली मी तिला परत दिली असती तर ती परत जाऊन गप्प झाली असती. म्हणून भिंत ओली ठेवली मी. तोंडानं.

…काय चुकलं आपलं? काही चुकलं नाही, चांगलंच करायला गेलो. मीही रोज जायचोच की त्या खोलीत. डोक्यावरून हात फिरवायचा, टीव्ही लावून द्यायचा आणि पळायचं दुसऱ्या कामाला. किती छान खोली, असं मनाशी म्हणायचो. आता ती मोकळी खोली बघितली, तेव्हा कळलं. टीव्हीशी कोण बोलणार, ताई?

…आता पुढं हेच की, उद्या हॉल रिकामा करायचाय. बायकांचा वॉर्ड तयार झाला वरचा. त्या सगळ्या उद्या वर जाणार, रेडिओसकट. आई एक तर तिच्या खोलीत जाईल, नाही तर त्यांच्याबरोबर वॉर्डात. रेडिओ आजींच्या शेजारची खाट सिस्टरांनी धरून ठेवलीय, पण आज संध्याकाळपर्यंतच. मग ती दुसऱ्या कुणाला तरी जाईल, लोक थांबलेत. म्हणून… मी फोन करणारच होतो. खरंच.

…‘जनरल वॉर्ड’ असं तोंड वाकडं करून नको म्हणूस ना. …आत्या काय म्हणतील? आत्या आल्यात का एकदा तरी? त्यांनी उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि आपण… नाही, तुला नाही म्हटलं. तुला नाही गं. तू लांब आहेस, मुलांच्या परीक्षा, सगळं कळतं मला. …तुझ्या मनाला लागलंय तेही कळतं. तिला अंघोळ घालताना कुणी बघू नये, तिचे कपडे इकडंतिकडं पडू नयेत, हेच ना? …हो. …त्याचं मी बघतो. पडदा मी स्वतः बसवीन, जाड, जमिनीपर्यंत. कपाटाला कुलूप. अजून काय?

…नाही, मी एकटा नाही ठरवणार. तुझ्या मनाविरुद्ध केलं तर जन्मभर ऐकवशील, आणि ऐकवायलाच पाहिजेस. आई दोघांची आहे. तू नको म्हण, मी उद्या सकाळी तिला खोलीत नेतो. …नेईन, ताई. जिवावर येईल, पण नेईन.

…काय? …‘ती स्वतः म्हणाली तर’? …तुला फोनवर तिनं कधी हुंकारही दिला नाही, खरंय. मी नुसता फोन कानाला धरायचो आणि तू एकटीच बोलायचीस. …आत्ता? आत्ता बघू? बरं. जातो. चालताचालता बोलतोय, आवाज तुटला तर ठेवू नकोस.

…जिना आहे, थांब. …पेंटर, अहो इथं जिन्यात बसून काय चहा पिता? …हो, मारा रंग. मारा एकदाचा! …नाही ताई, रंग तर मारावाच लागेल ना, कुणीतरी राहायला येईलच तिथं.

…हं, आलो. ऐकू येतंय का? …तोच आवाज. त्याच रेडिओ आजी. …हो ना? सतत. …आई उशीला टेकून बसलीय. केस कुणीतरी विंचरलेत, घट्ट वेणी घातलीय. …नाही, मी नाही सांगितलं. शेजारणीनं घातली असेल.

आई. आई, ताईचा फोन आहे. …ताईचा. …आजी, जरा थांबा हं, जावयाला तिथंच राहू द्या मिनिटभर. …या कानाला घे. तो हात नको, हा. मी धरतो खालून. बोल, आई.

हं.

…हं.

…मीच.

…कशाला… रडतेस?

…जेवले.

…नाही. …खोली… नको. …तिथं… कोण आहे?

…हो. …ही… शेजारची… खोटं बोलते. …पण… बोलते.

…हं.

…

…हॅलो?

…आहेस का?

…मग… बोल की.