पाचवं पान वाचायचं नाही म्हणे

नाही हो, पान नाही देणार. हात मागे घ्या. बसा हवं तर, या बाकावर पंखा बरा लागतो — पण पान मागू नका. माझ्या निबंधाची आधीची चार न्या, ती टाइप केलेली आहेत, तुमच्या परिषदेच्या स्मरणिकेत छापा नाही तर ठेवून द्या. पाचवं माझ्या हातचं आहे. ते मीच वाचणार, माइकसमोर, माझं नाव पुकारलं की. तुमचं नाव काय म्हणालात — वत्सलाबाई? संयोजन समिती. पुण्याहून आलात ना? मग तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला पाठवलंय. कुणी पाठवलंय तेही इथून दिसतंय मला — ती काय, पहिल्या रांगेत, मान वळवून वळवून दाराकडे बघतायत. आमच्या मेट्रनबाई. बघू दे. सतरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे, नजर ओळखते मी त्यांची. तुम्ही पान घेऊन आत गेलात की त्यांना घास गिळता येईल, तोवर नाही.

वेळ कमी आहे म्हणता? वेळ कमी कसा असेल? सकाळपासून तीन भाषणं झाली, तिन्ही पाहुण्यांची, आणि तिघांनी तेच सांगितलं — परिचारिका म्हणजे माया, परिचारिका म्हणजे सेवा, लहान मुलांच्या वॉर्डातली परिचारिका म्हणजे तर दुसरी आईच. आम्ही दोनशे जणी टाळ्या वाजवत बसलोय. अहो, एकानं तरी विचारलं का, की वॉर्डात बेचाळीस मुलं आणि ड्यूटीवर आम्ही दोघी, त्यातली एक शिकाऊ? नाही विचारलं. आणि माझ्या दहा मिनिटांतली मात्र तुम्हाला तीन कापायची आहेत. बरोब्बर पाचव्या पानाची तीन.

तुम्ही वाचलंय का ते? नाही ना? वाटलंच मला. मग ऐका, म्हणजे निदान काय घ्यायला आला होतात ते तरी कळेल. माझ्या निबंधाचं नाव आहे ‘बालरुग्णाची सलाईन आणि परिचारिकेची दक्षता’. नाव मी नाही दिलं, मेट्रनबाईंनी दिलं. दक्षता! त्यात एका मुलाची हकिकत आहे. एकोणऐंशी साल, मे महिना, जुलाब-उलट्यांनी वॉर्ड भरलेला, एकेका कॉटवर दोन-दोन मुलं. त्यात मखमलाबादच्या भागुबाईचा गोटीराम — अकरा महिन्यांचा, डोळे आत गेलेले, टाळू खोल गेलेली, चिमटा घेतला तर कातडी तशीच उभी. डॉक्टरांनी लिहिलं, तासाला साठ मिली. आता हे तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीही नर्सच आहात — पण आजकाल समितीवर गेलेल्यांना सलाईन लावून किती वर्षं झाली असतील कोण जाणे, म्हणून सांगते. आमचे सलाईनचे जुने सेट रबरी नळीचे, उकळून उकळून पिवळे पडलेले, पंधरा थेंबांचा एक मिली. तासाला साठ मिली म्हणजे मिनिटाला पंधरा थेंब. हे आम्हाला पाठ. घड्याळ बघायची गरज नाही, हातालाच कळतं नळीवरचा चिमटा किती सोडायचा.

आणि त्याच दिवशी सकाळी नवे सेट आले. प्लास्टिकचे, पाकीटबंद, कुठल्याशा क्लबानं देणगी दिलेले. हार घालून फोटो काढला त्या खोक्यांचा! पण त्यांतले काही खास लहान मुलांचे होते — आत बारीक सुई, थेंब बारीक, साठ थेंबांचा एक मिली. पाकिटावर लिहिलेलं होतं, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. कोण वाचतं? पाकीट फाडायचं, नळी लावायची, पुढच्या कॉटवर पळायचं. सिस्टरनं सेट लावला, मिनिटाला पंधरा थेंब लावले, चार्टवर पंधरा लिहिलं. म्हणजे कळलं ना? चौथा हिस्सा. तासाला साठ जायला हवं तिथं पंधरा. दहा वाजल्यापासून दोनपर्यंत ते मूल चौथ्या हिश्श्यावर.

कोणती सिस्टर? अहो, ड्यूटीवरची सिस्टर. टाइप केलेल्या चार पानांत तसंच आहे — ‘ड्यूटीवरील सिस्टरच्या दक्षतेमुळे नव्या सेटमधील फरक वेळीच लक्षात आला.’ छान वाक्य आहे ना? गेली सहा वर्षं ते वाक्य मी दर मीटिंगला ऐकते. त्या वाक्यावर मला वॉर्डची इन्चार्ज केली. त्या वाक्यावर या परिषदेत बोलायला पाठवलं, नाही तर नाशिकला एवढी मोठी परिषद आणि त्यात नांदगावच्या शाळेत शिकलेल्या सिंधू पगारेला कोण विचारतंय!

मीच हो. पंधरा मीच लावले. बघा, झालं सांगून. तोंडावर एवढं आश्चर्य कशाला? तुमच्या हातून कधी झालं नाही? नसेल झालं तर देव तुमचं भलं करो, पण काल चहाच्या वेळी जळगावकडच्या एक बाई सांगत होत्या की त्यांच्याकडे दोन्ही सेट एकाच कपाटात ठेवतात आणि जो हाताला लागेल तो लावतात. मी म्हटलं, बाई, जुना सेट लावून साठ थेंब सोडलेत ना, तर मुलाला चौपट पाणी जाईल, छाती भरेल त्याची. त्यांना हे नवीनच होतं. अशा या हॉलमध्ये किती जणी असतील? म्हणून वाचायचंय. हौस म्हणून नाही.

हो हो, आलं लक्षात. चूक वाचा, ती पकडणाऱ्या पोरीचं नाव वगळा — हेच ना? मेट्रनबाईंनी असंच सांगून पाठवलं असणार. ‘एका विद्यार्थिनीने’ असं म्हणा, नावाचं काय एवढं. नावाचंच आहे सगळं, वत्सलाबाई! तिचं नाव चांगुणा. सुरगाण्याकडची, आदिवासी पाड्यावरची, दुसऱ्या वर्षाला होती, बारीक अंगाची, बोलायची इतकं हळू की दोनदा विचारावं लागे. वॉर्डात तिला सगळ्याजणी नुसतं ‘ए सुरगाणा’ म्हणायच्या. मी पण. मला वडील मनमाडच्या रेल्वेत म्हणून शिकता आलं, वस्तीतून आलेल्या पोरीला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मला चांगलं माहीत, आणि तरी मी पण म्हणायची. तर ती साडेबाराला माझ्याकडे आली. म्हणाली, “सिस्टर, बाटली उतरत नाय.” मी म्हटलं, थेंब पडतायत ना? मोज. तिनं मोजले. पंधरा. मग झालं तर, म्हटलं, शहाणपणा नको, तिकडच्या कॉटवरची चादर बदल. सगळ्या आयांसमोर म्हटलं. ती गेली. चादर बदलली. पण पोरगी काय सोडते! कचऱ्याच्या बादलीतून पाकीट काढलं तिनं, खिडकीपाशी नेऊन अक्षर अक्षर लावत वाचलं — आम्ही सगळ्या इंग्रजी फाडफाड वाचणाऱ्या, आणि वाचलं कुणी? तिनं. मी तेव्हा चहा प्यायला गेले होते, पंधरा मिनिटं, सकाळी सातपासून पहिल्यांदा बसले होते, त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. ती माझी वाट बघत थांबली, आणि मग नाही थांबली. मुलाची मान लुळी पडली होती. तिनं चिमटा सोडला. साठ थेंब.

आणि नेमके डॉक्टर राऊंडला आले. तेच, आज स्टेजवर मधल्या खुर्चीत बसलेत ते. त्यांनी बघितलं — शिकाऊ पोरीचा हात चिमट्यावर आणि थेंब धो धो. त्यांनाही जुनेच सेट ठाऊक. मुलाला मारतेस का म्हणून असे ओरडले की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. चिमटा परत पंधरावर आणला, तिला मेट्रनच्या ऑफिसात पाठवलं. ओरडणं ऐकून मी धावत आले, तर जाता जाता तिनं ते पाकीट माझ्या हातात दिलं. “सिस्टर, हे बघा फक्त.” एवढंच म्हणाली. मी बघितलं.

मग काय केलं विचारता? डॉक्टर गेल्यावर चिमटा परत सोडला. साठ थेंब, एक दोन मोजत, घड्याळ समोर धरून. संध्याकाळपर्यंत गोटीरामनं लघवी केली, रडायला लागला. मूल वाचलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनबाईंना जाऊन सांगितलं, नव्या सेटमध्ये फरक आहे, माझ्या लक्षात आला. ‘माझ्या’ म्हटलं मी. ठरवून नव्हतं म्हटलं, तोंडातून निघालं तसं, आणि मग त्या इतक्या खूश झाल्या, लगेच सगळ्या वॉर्डांत सूचना लावली, खाली माझं नाव. आता मागे कसं घ्यायचं? घेता आलं असतं. दोन दिवस होते माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी माझ्याकडून रिपोर्ट मागवला. मी लिहिलं — विद्यार्थिनीने परवानगीशिवाय सलाईनला हात लावला. आणि सही केली. एक शब्द खोटा नाही हो त्यात! शोधून दाखवा खोटा शब्द. आठवड्याच्या आत तिला कोर्समधून काढलं.

तिला कुणी काही विचारलं नाही. मला आता म्हणताय, हे वाचलंत तर चौकशी लागेल, मेमो येईल, इन्चार्जपद जाईल. जाऊ दे! घरी मालक सातपूरला कारखान्यात आहेत, त्यांनाही काल सांगून ठेवलंय, ते म्हणाले, तुझं तू बघ. बघतेच आहे. लागू दे चौकशी. चौकशीत निदान समोर बसवून प्रश्न तरी विचारतात. तिला तेवढाही मान दिला नाही कुणी. आणि ते डॉक्टर स्टेजवर आहेत म्हणून गप्प बसू? त्यांनीही ऐकावं. मेट्रनबाईंनीही ऐकावं, त्यांना तर दुसऱ्याच दिवशी कळलं होतं की सेट साठचा आहे, मग साठ थेंब सोडणारी पोरगी चुकली कशी, एवढा हिशेब त्यांना येत नव्हता? येत होता. पण डॉक्टर चुकले, सिस्टर चुकली, असं लिहिण्यापेक्षा सुरगाण्याची एक मुलगी घरी पाठवणं सोपं.

भागुबाई अजून येते. दर दसऱ्याला झेंडूची पाटी घेऊन वॉर्डात, बरोबर तो गोटीराम, आता चांगला दांडगा झालाय. “बाई, तुमच्यामुळं माझं पोरगं हाय,” म्हणते. पहिल्या वर्षी तिनं विचारलं, “ती बारकी सिस्टर कुठं गेली वो? तिनंच नळी सोडली व्हती ना?” आईला दिसलं होतं. डॉक्टरला दिसलं नाही, आईला दिसलं. मी म्हटलं, ती गावाला गेली. आणि फुलं घेतली. सहा वर्षं घेतेय. मला त्या फुलांची घाण येते आता, खरं सांगते.

तिला परत घेतील का? नाही घेणार. वय गेलं, मला नियम पाठ आहेत. कुठे असते? कुणी म्हणतं आश्रमशाळेत स्वयंपाकाला असते, कुणी म्हणतं लग्न झालं. मी गेले नाही शोधायला. सुरगाण्याची एसटी रोज सकाळी स्टँडवरून सुटते, सहा वर्षांत मी एकदाही तिच्यात बसले नाही. म्हणजे भेटलेच नाही असं नाही — एकदा भेटले. तिला काढलं त्याच दिवशी, दुपारी. माझ्या क्वार्टरच्या दारात उभी होती, हातात पत्र्याची ट्रंक. मला वाटलं आता रडेल, शिव्या देईल, सही का केली म्हणून विचारेल — मी मनात उत्तरं जुळवत होते. तिनं विचारलं, “सिस्टर, बाळ कसंय?” मी म्हटलं, बरं आहे. ती हसली. हसली हो! तोंडभर हसली, ट्रंक खाली ठेवली, मला वाटतं पाणी मागणार होती. आणि मी —

दार लावून घेतलं.

हे पानावर नाही. हे मी कुणालाच… तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. मालकांनाही माहीत नाही. पाचव्या पानावर चूक आहे, रिपोर्ट आहे, सही आहे, एवढं सगळं लिहून मला वाटत होतं की आता माझ्याकडचं संपलं, आता ताठ मानेनं वाचायचं. दाराचं नाही लिहिलं. सही भीतीनं केली असं सांगता येतं, लोक समजून घेतात, माझी नोकरी, माझी मुलं. दार लावायला कुणी सांगितलं होतं? तिनं काय मागितलं होतं माझ्याकडे?

काय म्हणाले ते माइकवर? माझं नाव? नाही, माझ्या आधीच्या बाईंचं आहे. म्हणजे दहा मिनिटं आहेत. तुमच्या बिल्ल्याच्या खिशाला पेन आहे ना — द्या इकडे. आणि तुमच्या त्या वहीतलं एक पान फाडा, कोरा कागद हवाय. रेघा नसल्या तरी चालेल. अहो, द्या लवकर!

आणि आता उठा. जा आत. त्या वाट बघतायत तुमची. त्यांना सांगा, पान मिळालं नाही. एक वाढलंय.