मोतीच्या पोटावरचा बिब्बा

कुत्र्यांचे लाड तुमीच करता असं समजू नका, आमच्या सासूबाईंचं ऐका. राजापेठेत आमच्या शेजारी गोरी नर्सबाई राहायची, बोलायची आमच्यासारखीच. ती कायमची विलायतेला निघाली, तवा आपल्या मोती कुत्र्यालेही नेणार होती. फक्त जनावरांच्या डॉक्टरचा दाखला पाहिजे होता. परमुलखात नजर लागू नये म्हणून सासूबाईंनी आदल्या दिवशी मोतीच्या पोटाला बिब्ब्याचा काळा टिक्का लावला.

सकाळी डॉक्टर मोतीले तपासायला आला, त्यानं तो काळा डाग पाहिला. "खरूज आहे. याले बोटीवर घेणार नाहीत."

नर्सबाई रडायलाच लागली. सासूबाईंनी माझं तान्हं लेकरू उचललं, झबलं वर करून तसाच डाग दाखवला.

"डाक्टरबाबू, मंग माया नातवालेबी खरूज झाली काय? नजरेचा बिब्बा हाय तो. तुमच्या मायनं तुमाले लावला नसन काय?"

डॉक्टरचा हात आपसूक स्वतःच्या पोटावर गेला. हसत हसत त्यानं दाखला लिहिला.

नर्सबाई डोळे पुसून सासूबाईंवरच रुसली. "मावशी, कुत्र्याले लावला, मले काहून नाही? बोटीत त मीबी चालली!"

सासूबाई म्हणाल्या, "मोतीएवढी देखणी असती त तुलेबी लावला असता व बाई!"